झाकणकाकांची गाडी बंद आहे

आमच्या ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, झाकणकाकांची खाण्याची गाडी अठरा वर्षं उभी राहायची. जुना टेम्पो, एका बाजूचा पत्रा कापून केलेली खिडकी, आत सूप ढवळणारे काका आणि पाव कापणाऱ्या काकू. त्यांचं खरं नाव कुणीच विचारलं नव्हतं. बरोबर एक वाजता काका पातेल्यावरचं जाड झाकण उचलायचे आणि त्यावर पळी तीनदा आपटायचे. तो आवाज आला की पाचव्या मजल्यापर्यंतची माणसं हातातलं काम टाकून जिना उतरायची. तापलेलं झाकण ते नुसत्या हातानेच धरायचे. फडकं घ्या म्हटलं तर म्हणायचे, "उगाच फडक्याला चटका बसायचा."

मग ते अ‍ॅप आलं. जवळपास खाण्याची कुठली गाडी उभी आहे, उघडी की बंद, सगळं फोनवर. त्याच सुमारास वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. त्यांना झाकणाचा त्रास व्हायला लागला आणि त्यांनी लेखी तक्रार केली. पुन्हा आवाज झाला तर जागा जाईल, असं काकांना सांगण्यात आलं. तेव्हा मी दीडशहाणा पुढे झालो. काकांच्या नव्या टचस्क्रीनच्या फोनवरून त्यांची गाडी मीच अ‍ॅपवर घातली. झाकण बडवायची आता गरज नाही, एक वाजता ह्या हिरव्या बटणावर अंगठा ठेवा, की गाडी उघडी दिसते, असं त्यांना समजावलं. काकूंना ते पटलेलं दिसलं नाही. पहिल्या दिवशी बटण मीच दाबून दाखवलं. माणसं आली आणि माझी कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवसापासून काकांची गाडी फोनवर 'बंद' दिसायला लागली. झाकण वाजत नाही म्हणून माणसं फोन बघायची आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांकडे वळायची. मी खाली जाऊन दोनदा सांगितलं. काका म्हणाले, रोज दाबतो. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पातेलं काठोकाठ भरलेलं होतं आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"एक बटण दाबायला काय जातं तुमचं?" मी काकूंच्या देखत बोललो. "मुद्दाम करताय ना?"

काका सूप ढवळत राहिले. मी तरातरा वर आलो आणि त्यानंतर खाली उतरलोच नाही. जेवण पलीकडच्या गाडीवरून मागवायला लागलो. गाडी रोजच बंद दिसते म्हणून दोन महिन्यांनी अ‍ॅपवरून त्यांचं नाव गेलं आणि एका सोमवारी टेम्पोही दिसला नाही. तो भंगारात गेल्याचं शिपायाकडून कळलं.

मन खात होतं, म्हणून शिपायाकडून पत्ता घेऊन एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. एक खोली. टेबलावर ते झाकण उपडं ठेवलेलं होतं आणि त्यात कांदे. काकांना बहिणीला फोन लावायचा होता. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः लावून दिला.

"त्यांच्या बोटांना हा फोन दादच देत नाही," त्या मला म्हणाल्या. "झाकणं धरून धरून कातडी पार मेलीय. त्यांना वाटायचं, दाबलं गेलं. परवा माझ्या लक्षात आलं."

काकांचं बोलणं संपल्यावर मी त्यांचा अंगठा माझ्या फोनवर ठेवून बघितला. दोनदा. काहीच झालं नाही. मला कानकोंडं झालं.

"मला माहीत नव्हतं, काका," मी म्हणालो.

"बटणाचं मलाही माहीत नव्हतं," काका शांतपणे म्हणाले. "पण तुझी खुर्ची खिडकीत आहे ना? गाडी तर तुला रोज दिसत होती."

काकूंनी चहाचा कप पुढे केला. तो मी दोन्ही हातांनी घेतला.