पारोळ्याच्या मैदानावर केरळची लाठी

चाळिशी उलटल्यावर मी लाठी शिकायला लागले, तेव्हा घरचे हसले. पारोळ्यात आमच्या गल्लीमागच्या मैदानावर शेजारचे आबा सकाळी आम्हा बायकांना शिकवायचे. तालमीत वाढलेले, सत्तरी ओलांडलेले आबा लाठी फिरवू लागले की नुसता घूं असा आवाज यायचा, लाठी दिसायचीच नाही. आमच्या लाठ्या मात्र आमच्याच पोटऱ्यांवर बसायच्या.

पलीकडच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. नवरा बँकेत, दोघंही केरळचे. बायकोला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. घरात करमत नाही म्हणाली, म्हणून मी तिला सोबत नेऊ लागले. काही दिवस ती कडेला बसून नुसती बघायची. मग एका सकाळी तिने माझी लाठी मागितली. मला वाटलं, हौस म्हणून दोनदा फिरवेल आणि परत देईल.

तिने वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला टेकवला, ओढणी कमरेला बांधली आणि एक पाय लांब मागे टाकून इतकी खाली झुकली, की पोट जवळजवळ मातीला लागलं. लहानपणी ती गावच्या कळरीत, म्हणजे त्यांच्याकडच्या तालमीत, शिकली होती. हे आम्हाला नंतर कळलं.

आबांनी आपली लाठी उचलली. ते उभ्याने वरून वार घालायचे. ती तो खालून अडवायची, आणि दरवेळी तिची लाठी आबांच्या घोट्याशी येऊन थांबायची. लागायची मात्र नाही. मला धास्ती वाटली, आबांना हे अपमानाचं वाटलं तर?

आबा थांबले. धाप टाकत मातीतच बसले आणि मोकळं हसले.

"हाई तं वाघीण शे," ते म्हणाले. "माले बी शिकाड वं माय."

वाघीण म्हणतात तुला, मलाही शिकव म्हणतात, असं मी तिला हिंदीत समजावलं. ती लाजली. म्हणाली, आधी आबांनी मला ते डोक्यावरचं फिरवणं शिकवायचं.

दोघांनी एकमेकांना शिकवलं. गणपतीच्या मिरवणुकीत दोघं शेजारी शेजारी खेळले. ही कोणाची पोर, असं कोणीतरी विचारलं, तर आबा म्हणाले, "आमनी शे."

मी आता तिच्यासारखी खाली झुकू शकते. उठायला अजून कोणाचा तरी हात लागतो.