पानिपतला मी भलत्याच जागी रडले

पानिपतात मराठी माणूस हरला, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मीही तिथे हरले, हे आमच्या शाळेबाहेर कुणाला ठाऊक नाही. आता वीस वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. हसा खुशाल, फक्त हातातला कप आधी खाली ठेवा.

तेव्हा मी पंचवीसची. दिल्लीत आर. के. पुरमजवळच्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवायचे. नोकरी अजून पक्की व्हायची होती. नवा अभ्यासक्रम आला होता. घोकंपट्टी बंद, मुलांनी स्वतः शोधायचं, वगैरे. बाकीच्या शाळांनी सर्क्युलर फाईलला लावून विषय संपवला. आमच्या प्रिन्सिपल सूद मॅडमनी मात्र ते मनावर घेतलं!

मॅडम जेमतेम पाच फुटांच्या, रिटायरमेंट तीन वर्षांवर. डबा आमच्याबरोबर स्टाफरूममध्येच खायच्या. त्यांच्या लोणच्यावर मी रोज हक्काने हात मारायचे. काय चव होती हो! तर असंच एकदा जेवताना त्यांनी नियम काढला. प्रत्येक टीचरने वर्गात दिवसातून एकदा तरी म्हणायचं, "मुझे नहीं पता, चलो ढूँढते हैं."

आता तुम्हीच सांगा, कोण म्हणणार? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वर्गात जाऊन पूर्वीसारख्याच सर्वज्ञ झालो.

पालक तर चिडलेलेच होते. त्यांचे पुढारी गुप्ताजी, माझ्या वर्गातल्या नेहाचे वडील. नोट्स देणं बंद झाल्यापासून दर सोमवारी ऑफिसात हजर. शेवटी मॅडम त्यांना म्हणाल्या, एकदा मुलांबरोबर सहलीला चला. फरक दिसला नाही, तर नोट्स पुन्हा सुरू करते. म्हणजे मॅडमची सगळी मेहनत एका सहलीवर! सहल ठरली पानिपतची, आणि मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तुम तो मराठी हो. पानीपत तो तुम्हारा ही है. सब पता होगा?"

हीच वेळ होती ना ते वाक्य म्हणायची? मी म्हणाले, "बिल्कुल, मॅम."

घरी येऊन आईला विचारलं, पानिपतला नेमकं काय काय झालं गं?

"काय व्हायचंय? हरलो," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

बाबा तीस वर्षं दिल्लीत, सरकारी नोकरीत. पानिपतला कितीदा तरी गेलेले. चादरी आणायला! आपलं स्मारक कुठे आहे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणाले, घाबरू नकोस, तिथे पोचलं की आपल्याला आपोआप भरून येतं.

पानिपतात शिरल्यावर मी ऐटीत बस थांबवली आणि एका रिक्षावाल्याला लढाईचं स्मारक विचारलं. "कौन सी लड़ाई?" तो म्हणाला. कमाल आहे! पानिपतची लढाई म्हणजे आपली एकच की! "अरे भैया, बड़ी वाली," मी झापलं. त्याने मुकाट्याने बोट दाखवलं. शेजारच्या सीटवर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

विटांचा उंच चौथरा, वर एक कबर. जरा खटकलं. पण आपल्या बाजूने गारदी लढलेच होते की. असेल त्यांच्यातल्याच कुणाची, असं मी ठरवून टाकलं.

मग मी जी सुरू झाले! भाऊसाहेब, विश्वासराव, उपाशी फौज, ऐन संक्रांत... "बच्चों, इसी मिट्टी में..." आणि बाबा म्हणाले तस्सं मला खरंच भरून आलं. मी हुंदके देत होते, मुली रडत होत्या. गुप्ताजींनीही रुमाल काढला.

तेवढ्यात बोर्ड वाचत उभी असलेली नेहा म्हणाली, "मॅम, ये तो इब्राहिम लोदी हैं."

मी हुंदका अर्ध्यात गिळला.

"बाबर वाली लड़ाई, मॅम. मराठों से दो सौ साल से भी पहले की."

गुप्ताजींनी रुमालाची घडी घातली. मॅडम आकाशाकडे बघत होत्या. माझी नोकरी मला त्या लोदीशेजारी पुरलेली दिसत होती. आणि जन्मात पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"मुझे नहीं पता, बच्चों. चलो... ढूँढते हैं."

अहो, मुलं सुटलीच! कुणी बोर्ड उतरवून घेतला, कुणी माळीबाबांना गाठलं, कुणी चहावाल्याला. अर्ध्या तासात तिन्ही लढायांच्या जागा वहीत आल्या. आपलं स्मारक, काला अंब, गावाबाहेर निघालं. तिथवर नेहाने ड्रायव्हरला रस्ता सांगत नेलं. तिथे पोचलो, तेव्हा माझ्याकडे एकही अश्रू शिल्लक नव्हता.

सोमवारी गुप्ताजी लेखी शेरा घेऊन आले. टीचरने मुद्दाम चूक केली, मुलांना ती पकडू दिली, फार थोर पद्धत आहे! मॅडमनी तो स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवला. मी विनयाने मान खाली घातली. नोट्स परत आल्या नाहीत आणि माझी नोकरी पक्की झाली.

आता पुन्हा नवं धोरण आलंय, पुन्हा सर्क्युलरं. तीच स्टाफरूम, पण प्रिन्सिपलचा डबा आता त्यांच्या केबिनमध्येच उघडतो.

सूद मॅडम रिटायर झाल्या, त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅम, वो गलती असली थी."

"पता है, बेटा. मैं पानीपत की हूँ."

"फिर आपने टोका क्यों नहीं?"

"कैसे टोकती? इतना अच्छा रो रही थीं तुम!"

मग त्यांनी पिशवीतून लोणच्याची भरलेली बरणी काढून माझ्या हातात ठेवली.

"तीन साल मेरा अचार खाया," त्या म्हणाल्या. "एक बार भी पूछा, कहाँ से आता है?"