मेव्हणा फेंगडा चालला

माझी बायको इंदू, तिच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी मी आणि तिचा धाकटा भाऊ नामदेव पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. सैपाक दोघांनाही येत नाही. सोललेलं निम्मं तोंडात जात होतं आणि आम्ही पोट धरून हसत होतो. वर्षभरात असं हसलो नव्हतो.

नाम्या पाणी प्यायला उठला आणि फेंगडा चालला.

"काय रं, बदकाकडं शिकवणी लावली का?"

"गळू झालंय दाजी. नको त्या जागी."

मी अजून हसलो. मग तो जवळून गेला आणि वास आला. मी लोणावळ्यात हॉस्पिटलात ड्रेसर होतो, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. शाळा चौथी, पण तो कुजका वास विसरत नाही.

"लेंगा सोड."

"झाली तुमची थट्टा सुरू!" त्यानं नाडी घट्ट धरली. लग्नापासून मी त्याची थट्टाच केलेली, खरं कसं वाटणार? मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "दाजी, तुमी हसत का न्हाई?"

आणि गुमान नाडी सोडली.

आंड नारळाएवढं सुजलेलं. लाली जांघेपर्यंत, मधी एक काळा डाग. दाबलं तर कातडीखाली पापडासारखं कुरकुरलं. ती जंतूंनी केलेली हवा. अंगात ताप. डाग एवढासा, पण कळ सुरी फिरवल्यागत. त्यात नाम्याला साखरेचा आजार.

याला फोर्निअर गँगरीन म्हणतात. आमचे सर्जन सांगायचे, हा एका जंतूचा खेळ नाही. आतड्यातले ई-कोलाय, कातडीवरचे स्ट्रेप-स्टॅफ आणि बिनहवेचे जगणारे, सगळे एका पंगतीला बसतात. वरून डाग दिसतो, तोवर खालचं मांस सडलेलं असतं.

"उद्या ताईचं श्राद्ध उरकून जातो," नाम्या म्हणाला.

"मग तुझं बी संगंच उरकतो. बस रिक्षात."

इंदूच्या माघारी तिचं म्हणावं असं माझ्याकडं हे एकच माणूस.

रिक्षात तो हळूच म्हणाला, "दाजी, समदं कापत्याल?"

"सडकी कातडी कापत्याल. गोट्या बहुतेक राहत्यात. साठीत काय करनार हायस त्यांचं?"

रिक्षावाला एवढा हसला की वळण चुकला. नाम्या कण्हत कण्हत हसला.

दुपारीच ऑपरेशन झालं. सडलेलं सगळं काढलं, अँटिबायोटिक्स शिरेतून सुरू केली.

दुसऱ्या सकाळी सर्जननी पट्टी उघडली. "काळं पुढे सरकलं नाही. धोका आहे अजून, पण वाचेल असं दिसतंय."

फेंगडं चालणाऱ्याला आधी बघावं, मग हसावं.

घरी भटजी येऊन बसले असणार. मी इंदूला मनात म्हटलं, तू जरा दम धर. आणि कँटीनमध्ये जाऊन, श्राद्धाच्या दिवशी, दोन प्लेट कांदाभजी खाल्ली.