न बोलावता येणारी कुमुदबाय

कुमुदबाय कुणाच्याही घरी बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येत, आणि न बोलावता येत. उसन्या आणलेल्या खुर्च्या अजून अंगणातच असत. फाटकाशी पिकप थांबे, त्यातून ही उंच, काटकुळी निवृत्त नर्स उतरे आणि सांत्वनाचा एक शब्द न बोलता विचारी, "खाट धुतली?"

गोव्यात, पेडण्यातल्या आमच्या गावात एक छोटं सेवा मंडळ आहे. देवळामागच्या शेडमध्ये वर-खाली होणाऱ्या लोखंडी खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या असतात. आजाऱ्यासाठी न्यायच्या, काम संपलं की परत द्यायच्या. खाटा थोड्या, आजारी पुष्कळ. म्हणून कुमुदबाय खाट लावतानाच बजावत, "परत व्हरूंक हांव येतलें. आपोवपाची गरज ना." म्हणजे बोलावू नका, न्यायला मी येणारच. आजारी माणूस समोर पडलेला असताना हे ऐकून घरच्यांचे चेहरे उतरत. खाटेवर याआधी कोण गेलं असं कुणी विचारलं, तर त्या खरं तेच सांगत. गावात त्यांना गिधाड म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

माझी बायको सुनीता गेली तेव्हा त्या माझ्याकडेही आल्या. मी तुयेच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कुठला नट कुठल्या खणात ते झोपेतही सांगेन, अशी माझी ख्याती. सुनीताच्या आजारपणातही औषधांचा तक्ता फ्रिजवर, कूस बदलायच्या वेळा भिंतीवर. एक गोळी चुकली नाही. तरी ती गेली, आणि माझा माझ्यावरचा विश्वासच उडाला. बाराव्याला किती पानं मांडायची ते मला ठरवता येईना, चुलतभावानं ठरवलं. कामावर रुजू झालो तर एकच कप्पा पुन्हा पुन्हा मोजत बसायचो, गेटपासवर सही करताना हात थांबायचा. मॅनेजरनी स्टोअरची चावी काढून घेतली आणि मला पॅकिंगच्या टेबलाशी बसवलं. माणसं हळू आवाजात बोलू लागली. त्याचा फार राग यायचा.

सुनीताची खाट मी दिली नाही. उद्या या म्हणालो. कुमुदबाय दुसऱ्या दिवशी आल्या, मग तिसऱ्या. आठवडे गेले, त्या येतच राहिल्या. शेवटी एका रविवारी त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुज्या फाल्यांत दुसऱ्याचो आयज वता, प्रकाश." तुझ्या उद्यापायी दुसऱ्याचा आजचा दिवस जातो. मग, खाट मी एकटी उचलू का, असं विचारून त्या थांबल्या. मी दुसरी बाजू धरली आणि तसाच पिकपमध्ये बसलो.

पलीकडच्या वाड्यावर एका बाईला अर्धांग झालं होतं. तिचा मुलगा खाटेचं हँडल फिरवत होता, ते अडकलं. कुमुदबाय मुद्दाम बाहेर तुळशीकडे बघत उभ्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अर्धा फेरा उलटा घे, मग दाबून फिरव." डोक्याकडची बाजू वर आली. मग त्यानं विचारलं, चादरीला सुरकुत्या राहिल्या तर चालेल का, पाणी बसवून पाजायचं की आडवं ठेवून, टाचांखाली काय घालायचं. मी सांगत गेलो. एकेक बोट दुमडत, पूर्वी सांगायचो तसं. कित्येक दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

परतताना कुमुदबाय एवढंच म्हणाल्या, "उलोवंक येता तर." बोलता येतं तर.

त्यानंतर दर रविवारी मी जाऊ लागलो. घरच्यांशी बोलायला त्या मलाच पुढे करत. कुणाची रडारड पाहून मी घुटमळलो की मागून कुजबुज येई, "रडूंक घरचे आसात. तूं हँडल पळय." तू हँडलकडे बघ. पावसाळा संपता संपता मी मॅनेजरकडे गेलो आणि चावी परत मागितली. त्यांनी दिली. कुमुदबायना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "आदीं कित्याक मागूंक ना?" आधी का नाही मागितलीस?

दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात त्या न्हाणीत पडल्या. कंबरेचं हाड मोडलं, अंथरूण धरलं. मुलगा लंडनला, तो रोज व्हिडिओ कॉल करी. शेडमध्ये एकही खाट नव्हती. रस्त्याकडच्या दुमजली घरात मात्र एक होती. तिथले आजोबा चैत्रात गेले होते, आणि बाराव्यानंतर आलेल्या कुमुदबायना त्या लोकांनी फाटकातूनच परत पाठवलं होतं. मी गेलो. खाट गच्चीवर होती. तिच्यावर जुनी साडी अंथरून आमसुलं, आमची सोलां, वाळत घातली होती. घरची बाई म्हणाली, "इतली घाय आशिल्ली तिका. आतां राव म्हण मात्शें." एवढी घाई होती ना तिला, आता थांब म्हणावं जरा.

मी दोनदा गेलो, मंडळाचा अध्यक्ष एकदा. कुमुदबायच्या साध्या खाटेखाली डोक्याकडून विटा लावल्या. रिकाम्या हातानं परतून मी गच्चीवरचं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "सोलां बरीं जाल्यांत?" सोलं चांगली झालीत? मी खाटेखालच्या विटा सारख्या केल्या. अख्ख्या गावाला कूस बदलायला शिकवलेल्या बाईच्या पाठीला जखम झाली, ती चिघळली, आणि श्रावणात त्या गेल्या.

त्यांच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपुढे गाडी थांबली. दुमजली घराच्या ड्रायव्हरनं खाट उतरवली. पावसात गंजते म्हणून पाठवली, म्हणाला. पट्ट्यांवर सोलांचे लाल डाग होते. मी घासले. निघाले नाहीत.

गेल्या रविवारी ती खाट एका घरी लावली. म्हातारे सासरे पडून होते. सुनेनं डागांवर बोट ठेवून विचारलं, "हें कितें? हिचेर कोण गेलें?"

"डाग सोलांचे," मी म्हणालो. "गेले मात्र बरेच." कोण कोण, तेही सांगितलं. "कुमुदबाय नाहीत त्यांत."

"बरें जालें," ती म्हणाली. "त्या बायलेचो पांय बरो नासलो." त्या बाईचा पायगुण चांगला नव्हता.

मी हँडल अर्धा फेरा उलटं घेतलं, मग दाबून फिरवलं. म्हाताऱ्याची मान वर आली. तो माझ्याकडे बघू लागला. मी त्याच्यासमोरच सुनेला सांगितलं, "परत व्हरूंक हांव येतलों. आपोवपाची गरज ना."