दोरीचं दुसरं टोक

काचबिंदूनं नजर गेल्यावर आमच्या ह्यांनी बरंच काही सोडलं, पण सकाळचं धावणं सोडलं नाही. आता कॉलनीतल्या रस्त्यावर आम्ही दोघं धावतो. सुती दोरीचं एक टोक त्यांच्या हातात असतं, दुसरं माझ्या. "गतिरोधक आलाय," "डावीकडे खड्डा आहे," असं मी सांगत जाते आणि ते बिनघोर पाऊल टाकतात.

काल समोरून सुधाकर भावजी खोकत येताना दिसले. नजर जाण्याआधी हे आणि भावजी वर्षानुवर्षं बरोबर धावलेले. आम्हाला पाहून भावजी क्षणभर थांबले आणि मान खाली घालून बाजूच्या गल्लीत शिरले.

"कोण होतं गं?" ह्यांनी विचारलं.

"दूधवाला होता."

ते आणखी चार पावलं धावले. मग म्हणाले, "सुधाकरचा खोकला मला कळतो."

खड्डे सांगायचे हे आमचं ठरलेलं होतं. माणसांचं काय करायचं, ते कधी बोलणंच झालं नव्हतं. डोळस माणसालाही सगळं बघवत नाही, तोही नजर फिरवतो. त्यांच्या वतीनं मी ती फिरवली, इतकंच. पण फिरवायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं.

वळण घेतल्यावर मी म्हटलं, "आता रस्ता सपाट आहे."

"बरं," ते म्हणाले. पण त्यांचा वेग मंदावला होता, आणि प्रत्येक पाऊल टेकवण्याआधी ते जमीन चाचपून बघत होते.