मातीच्या घागरीतलं गरम पाणी

साठ सालाच्या मागेपुढे आमचं घर मासोळ्यांवर चालायचं. नवरा नाल्याच्या डोहात जाळं टाकायचा, मी बाभुळगावच्या बाजारात विकायची. डोहाच्या वर कापसातून सरकी काढायचा जिन होता. त्याच्या इंजिनाचं गरम पाणी मोरीतून डोहात पडायचं. हिवाळ्यात बायांना ते बरं वाटे, धुणं धुताना बोटं आखडत नसत. मीही पोरीला तिथेच न्हाऊ घालायची.

एका वर्षी कापूस फार आला आणि जिन ऐन उन्हाळ्यापर्यंत चालला. नाला आटत आला. गरम पाणी होतं तेवढंच पडत राहिलं. एका सकाळी डोहभर मासे उलटे तरंगले.

पाटील आमच्याकडे बोट करून म्हणाले, "यायनंच हिंगण कुटून टाकलं असन."

हिंगणाच्या फळांनी मासे गुंगून वर येतात. पण त्या डोहावर गावची ढोरं पाणी पीत, म्हणून विष कालवल्याबद्दल आम्हाला डोह बंद करायचं ठरू लागलं.

मी म्हटलं, "पाटीलबुवा, विष नाही, ऊन पाणी हाय. मोरीच्या पाण्यानंच मासोळ्या मरते, आत्ता दाखवतो."

नवरा जिनाच्या वरच्या अंगाच्या डबक्यातून, थंड पाण्यातून जित्या मासोळ्या आणायला निघाला.

"मरळ आणू नका," मी म्हटलं. "थे ओल्या पोत्यातबी जगते."

तो बारक्या मासोळ्या घेऊन आला. मी मोरीखाली घागर भरली. पाण्यात हात ठेववत नव्हता. चावडीवर गेलो तर पाटील जेवून आडवे झालेले. उठले, चूळ भरली, पान लावलं. मग म्हणाले, "सोड वं."

सोडल्या. मजेत फिरू लागल्या.

"पाय, कशा पोहून राह्यल्या! पाण्यात काहीच नाही. म्हंजे तुमीच."

"पाणी थंडं झालं, बुवा."

"मंग थंडं कायले आणलं?"

सगळे हसले. नवराही हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. घागर मातीची होती. पितळी नेली असती तर निदान कोमट राहिलं असतं. मोरीवर चला म्हटलं, तर उन्हात कोणी उठेना.

डोह बंद झाला. मासे उरलेच नव्हते, त्यामुळे चोरून जाण्याचाही प्रश्न नव्हता. मी भाजी विकू लागले. नवरा जिनातच लागला, इंजिनात कोळसा टाकायला.

"थोडा कमी टाकत जा," मी एकदा म्हटलं.

"मुकादम पायते," तो म्हणाला.