कोरडी दिसणारी जखम

त्या वृद्धाश्रमात तीन मावश्या होत्या. ही त्यांतली थोरली. बत्तीस खाटा, त्यांतली निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली. त्यांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, चमच्याने भरवायचं, चादरी बदलायच्या, हे काम ती अकरा वर्षं करत होती. त्याआधी घरी सासू आठ वर्षं पडून होती. तिच्या पाठीला एकदाही जखम होऊ दिली नाही, एवढ्या एका गोष्टीचा मावशीला अभिमान होता. बाकी आपण भलं, आपलं काम भलं.

पूर्वी आठवड्यातून दोनदा एक म्हातारे डॉक्टर स्कूटरवरून यायचे. त्यांचेच गुडघे गेले, तसं येणं बंद झालं. मग व्यवस्थापकांनी चाकांच्या स्टँडवर बसवलेला एक मोठा स्क्रीन आणला. दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरीणबाई त्यातून रुग्ण बघणार होत्या. नाडी काय वायरीतून लागते का, असं मावशी पहिल्या दिवशी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पण महिन्याभरात तिचं मत बदललं. खिडकीजवळच्या आजींना एका सकाळी दम लागला. सिस्टरने स्क्रीन खाटेशी ओढला. डॉक्टरीणबाईंनी आजींच्या मानेची फुगलेली शीर बघितली, पायावर बोट दाबून दाखवायला सांगितलं आणि लगेच इंजेक्शन द्यायला लावलं. दुपारी आजी उशीला टेकून चहा मागत होत्या. एरवी त्या ॲम्ब्युलन्समध्ये दोन तास हिंदकळल्या असत्या. त्या दिवसापासून मावशी स्क्रीन पुसायचं काम दुसऱ्या कुणाला देईना.

अडचण वेळेची होती. एका रुग्णाला दहा मिनिटं मिळायची. मावशी मध्येच सांगायची, यांनी काल घास गिळला नाही, त्या हल्ली डाव्या कुशीवर कण्हतात. डॉक्टरीणबाई ऐकून घ्यायच्या, पण शेवटचे तीन-चार रुग्ण राहून जायचे. व्यवस्थापकांनी मावशीला बोलावून नीट सांगितलं की स्क्रीन चालू असताना फक्त सिस्टर बोलेल, कारण शिक्षण तिचं आहे. मावशीला काही सांगायचं असेल तर तिने ते आधी सिस्टरच्या कानावर घालावं. मावशी मान हलवून परत आली. बोलणं तिला लागलं होतं, पण तसं तिने कुणाला दाखवलं नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर शिंपीकाका होते. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. मावशी जवळ आली की ते तिच्या ॲप्रनची शिवण चिमटीत धरून बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. असली शिलाई म्हणजे शिलाई का, असा त्याचा अर्थ. मावशी म्हणायची, काका, तुम्ही उठा नि धड शिवून द्या. त्यांची मुलगी लांब राहायची. दर रविवारी त्याच स्क्रीनवर यायची, आणि काका डोळे भरून तिच्याकडे बघत राहायचे.

काकांच्या माकडहाडापाशी जखम झाली. एक मावशी पंधरा दिवस आजारी रजेवर होती. दोघींनी तिघींचं काम ओढलं, आणि कूस बदलायच्या वेळा चुकल्या, त्यात ती झाली. सिस्टर दर मंगळवारी जखमेचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवायची. जखमेवर काळी खपली धरली. फोटोत कडा स्वच्छ, पाणी नाही, लाली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, कोरडी होतेय, हेच मलम चालू ठेवा.

दिसतं तसं नसतं. ड्रेसिंगच्या वेळी काकांना कुशीवर धरून ठेवताना मावशीची बोटं खपलीच्या कडेला टेकली, तर खाली पोकळ लागलं, वरून शाबूत नि आतून नासलेल्या फळासारखं. आणि वास होता. अगदी हलका, गोडसर. तिने सिस्टरला सांगितलं. बत्तीस जणांच्या गोळ्या एकटीने वाटणारी सिस्टर म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी फोटो बघितलाय. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

पुढच्या मंगळवारी स्क्रीन काकांच्या खाटेशी आला. मावशी काकांना धरून उभी होती, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच विचारलं, सिस्टरने पुन्हा तेच सांगितलं. वास मावशीच्या नाकाशी होता. शब्द ओठांवर आले आणि तिने गिळले. एकदा बोलणी खाल्ली होती, पुन्हा नको. चार मिनिटांत स्क्रीन पुढच्या खाटेकडे सरकला.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी काकांचं अंग तव्यासारखं तापलं आणि डावा हातही हलेना. सिस्टरने ताबडतोब स्क्रीन लावला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघता बघता उतरला. लगेच हॉस्पिटलला हलवा, म्हणाल्या. मग त्यांनी जखमेबद्दल विचारलं, तेव्हा मावशीच्या तोंडून निघून गेलं, "बाई, खपलीखाली पोकळ आहे. वास येतोय."

"किती दिवस झाले?"

"बारा."

पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

सिस्टर जमिनीकडे बघत होती.

हॉस्पिटलमध्ये जखम उघडली तेव्हा पू हाडापर्यंत गेलेला होता. चौथ्या दिवशी काका वारले.

मुलगी सामान न्यायला आली. काकांचं वय झालं होतं, संसर्ग अचानक वाढला, असं व्यवस्थापकांनी तिला समजावलं. ती खाटेपाशी आली, मावशी कपडे पिशवीत भरून देत होती. मुलीने सहज विचारलं, शेवटी बाबांना फार त्रास झाला का? मावशीला हो-नाही म्हणून निभावता आलं असतं. पण तिने सगळं सांगितलं, पोकळ, वास, बारा दिवस. सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं, पोरगी रडेल, निदान हात तरी धरेल.

मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही त्यांना धरून गप्प उभ्या राहिलात."

"हो," मावशी म्हणाली.

मुलीने पिशवी उचलली आणि ती गेली.

तिने लेखी तक्रार केली. चौकशी झाली. सिस्टरला ताकीद मिळाली. मावशीला तळमजल्यावर धुलाईला पाठवलं. नातेवाइकांशी परस्पर बोलली, हे कारण दिलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिकडून कळवलं की यापुढे रुग्णाला रोज हात लावणारी व्यक्ती समोर उभी राहून बोलणार नसेल, तर त्या तपासणार नाहीत. नियम बदलला. आता धाकट्या दोघी बोलतात.

मावशी मशीनमधून ओल्या चादरी उपसते. काम अंगमेहनतीचं, पण कुणाचा जीव त्यात नाही. पहिले काही आठवडे तिला ते बरंच वाटलं.

एका दुपारी सिस्टर जिना उतरून आली. वर एका आजोबांची पोटरी सुजली होती, धाकटीला काही ठरवता येईना, डॉक्टरीणबाई स्क्रीनवर थांबल्या होत्या. व्यवस्थापक बाहेर गेलेत, चला, म्हणाली. मावशी वर गेली. पाण्यातून काढलेले हात बर्फासारखे गार होते, अशा हातांना सगळंच गरम लागतं. तिने ते काखेत धरले आणि उभी राहिली. स्क्रीनवर डॉक्टरीणबाई वाट बघत राहिल्या. दहा मिनिटांतली तीन तशीच गेली. मग तिने एक हात एका पोटरीवर, दुसरा दुसऱ्या पोटरीवर ठेवला, हात अदलाबदल करून पुन्हा ठेवले.

"उजवी गरम आहे. कडकही आहे. सकाळी नव्हती असं धाकटी म्हणते, तेही खरं धरा."

आजोबांना त्याच दुपारी हलवलं. शिरेत रक्ताची गाठ निघाली, वेळेत औषध मिळालं, आठवड्याने ते परत आले. सिस्टरने खाली येऊन ते सांगितलं, तेव्हा मावशी चादरीची घडी घालत होती. बरं झालं, म्हणाली. सिस्टर गेल्यावर ती तिथेच स्टुलावर बसली. शिंपीकाकांच्या वेळीही एवढंच बोलायचं होतं, एवढी दोन वाक्यं. मशीन थांबल्याचा आवाज झाला तरी तिला उठायला थोडा वेळ लागला.